सीडी-आयवरची झेल्डा

'द लेजंड ऑफ झेल्डा' ही निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८६ साली सुरू केलेली खेळमालिका जगभर नावाजली गेली असली, तरी तिच्या नावाने निघालेल्या तीन खेळांना कंपनीने मालिकेच्या अधिकृत कालक्रमात स्थान दिलेले नाही. हे खेळ निन्टेन्डोने बनवले नव्हते आणि ते तिच्या यंत्रांवर चालतही नसत. ते निघाले फिलिप्स या डच कंपनीच्या सीडी-आय या यंत्रासाठी, आणि आज सर्वांत वाईट व्हिडिओ गेमची चर्चा निघाली की त्यांची नावे हमखास पुढे येतात. करणारे हातच अडाणी होते, असे म्हणून हा विषय मिटवला जातो; परंतु या खेळांचे मूळ एका फिसकटलेल्या करारात आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे अपयश नीट उलगडत नाही.

त्या काळी निन्टेन्डोचे खेळ कार्ट्रिजवर, म्हणजे आपल्याकडची मुले जिला 'कॅसेट' म्हणत त्या प्लॅस्टिकच्या डबीत, मिळत. सीडीवर त्याहून कितीतरी अधिक मजकूर मावत असल्याने आपल्या नव्या यंत्राला सीडीची जोड देण्यासाठी निन्टेन्डोने १९८८ साली सोनीशी करार केला. मात्र त्यातील अटींनुसार सीडीवरच्या खेळांचा ताबा सोनीकडे जाणार, हे ध्यानात येताच कंपनीने माघार घेतली. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने या संयुक्त यंत्राची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपला भागीदार फिलिप्स असल्याचे जाहीर केले. दुखावलेल्या सोनीने पुढे १९९४ मध्ये स्वतःचे प्लेस्टेशन बाजारात आणले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. फिलिप्ससोबत ठरलेले यंत्र मात्र कधीच निघाले नाही. फिलिप्सच्या पदरात पडला तो निन्टेन्डोची काही पात्रे वापरण्याचा परवाना.

ही पात्रे ज्या यंत्रावर उतरायची होती, ते मुळात खेळांसाठी घडवलेले नव्हते. गंमत अशी की सीडी-आयचे तांत्रिक मानक फिलिप्स आणि सोनी यांनीच मिळून ठरवले होते. १९९१ साली अमेरिकेत सामान्य ग्राहकांसाठी आलेले हे यंत्र दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीला जोडून ज्ञानकोश, मुलांची चित्रमय पुस्तके आणि संगीत यांचा आस्वाद घ्यावा, अशा कल्पनेने विकले जात होते, आणि त्याची किंमत निन्टेन्डोच्या १९९ डॉलरच्या यंत्राच्या जवळपास चौपट होती. पडद्यावर धावणाऱ्या लहान आकृती, ज्यांना या क्षेत्रात 'स्प्राइट' म्हणतात, वेगाने हलवण्यासाठी खेळांच्या यंत्रांत खास सोय असते. सीडी-आयमध्ये ती नव्हती. शिवाय सीडीवरून माहिती सेकंदाला सुमारे १५० किलोबाइट इतक्या मंद गतीने वाचली जाई, आणि सोबत मिळणारे साधन खेळाच्या कंट्रोलरपेक्षा टीव्हीच्या रिमोटच्या अधिक जवळचे होते.

'लिंक : द फेसेस ऑफ ईव्हिल' आणि 'झेल्डा : द वॉन्ड ऑफ गॅमेलॉन' हे पहिले दोन खेळ १९९३ मध्ये एकत्रच प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील केंब्रिज येथील ॲनिमेशन मॅजिक या छोट्या कंपनीला प्रत्येकी सुमारे ६ लाख डॉलर आणि जेमतेम वर्षभराहून थोडा अधिक अवधी मिळाला होता. एवढ्यात दोन खेळ बसवण्यासाठी दोहोंचा तांत्रिक पाया एकच ठेवण्यात आला, आणि पात्रांचे हलते प्रसंग रंगवण्यासाठी रशियातून चित्रकार अमेरिकेत आणले गेले, जी त्या काळी अमेरिकन खेळ-उद्योगात नवलाची बाब होती. निन्टेन्डोचा सहभाग पात्रे कशी दिसावीत एवढ्यापुरताच राहिला. खेळ हाती घेतल्यावर कसा वाटला पाहिजे, ही त्या कंपनीची खरी विद्या परवान्यासोबत आलीच नाही.

परिणाम खेळताना जाणवे. मोजक्या बटणांमुळे उडी मारण्यासाठी वरची दिशा दाबावी लागे, सामानाची झोळी उघडण्यासाठी आधी खाली वाकावे लागे, आणि वाटेत पडलेली रत्ने उचलायची तर त्यांच्यावर तलवार चालवावी लागे. दोन टप्प्यांच्या मध्ये दाखवले जाणारे कथाप्रसंग, म्हणजेच 'कटसीन', हे तर या खेळांचे मुख्य भांडवल. पण त्यांतील चेहरे क्षणाक्षणाला आकार बदलतात आणि संवाद ठसक्यात, नाटकी सुरात म्हटले जातात. असे असूनही पार्श्वभूमीची हाताने रंगवलेली चित्रे खरोखर देखणी आहेत, आणि त्या वेळच्या समीक्षकांतही काहींनी या खेळांचे बऱ्यापैकी कौतुक केले होते. सरसकट हेटाळणी पुढच्या काळातली आहे.

व्हिरिडिस या दुसऱ्या कंपनीने केलेल्या 'झेल्डाज ॲडव्हेंचर' या तिसऱ्या खेळात चित्रांऐवजी खऱ्या माणसांचे चित्रीकरण वापरले गेले आणि तो अधिकच संथ झाला. याच परवान्यावर निघालेल्या १९९४ च्या 'हॉटेल मारिओ'मध्ये तर उड्या मारण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मारिओ या निन्टेन्डोच्या नायकाला हॉटेलची उघडी दारे लावत फिरण्याचे काम मिळाले, ज्याविषयी अधिक काही लिहिण्यासारखे नाही.

सीडी-आयची विक्री फारशी झाली नाही आणि १९९८ च्या सुमारास ते यंत्र बंद झाले, म्हणजे हे खेळ त्यांच्या काळी फारच थोड्यांनी पाहिले. त्यांची कुप्रसिद्धी वाढली ती यूट्यूब आल्यानंतर, त्यांतील कथाप्रसंग कापून, उलटसुलट जोडून हास्यास्पद चित्रफिती बनवण्याची टूम निघाली तेव्हा. या थट्टेतून जिव्हाळाही निर्माण झाला असावा, कारण २०२४ साली 'आर्झेट : द ज्वेल ऑफ फॅरामोर' हा मुद्दाम त्याच धाटणीचा नवा खेळ निघाला आणि त्यात मालिकेचा नेहमीचा नायक लिंक व झेल्डा यांना पूर्वी आवाज देणाऱ्या कलावंतांनी पुन्हा काम केले. त्याच वर्षी निन्टेन्डोने 'एकोज ऑफ विज्डम' प्रसिद्ध केला, ज्यात मालिकेच्या अधिकृत परंपरेत प्रथमच राजकन्या झेल्डा स्वतः नायिका म्हणून खेळाडूच्या हाती आली. 'द वॉन्ड ऑफ गॅमेलॉन'मध्ये ती ३१ वर्षांपूर्वीच तलवार घेऊन निघाली होती.