तारखा सांभाळणारा माणूस

कोर्टात युक्तिवाद वकीलसाहेब करतात. डायरी मात्र बहुधा दुसऱ्याच कुणाच्या काखेत असते. मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये या माणसाला लीगल सेक्रेटरी म्हणतात, तालुक्याच्या कोर्टात नुसतंच ‘कारकून’.

सकाळी बोर्ड बघायचा, वकीलपत्रावर तिकिटं लावायची, पक्षकाराला पुढची तारीख कळवायची. ही झाली वरवरची कामं. खरी कसोटी मुदतीच्या हिशेबात.

समजा, दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा १ मार्चला झाला. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, म्हणजे ३१ मार्चपर्यंत. पण नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वजा होतो. ५ मार्चला अर्ज दिला आणि २० मार्चला नक्कल तयार झाली, तर दोन्ही दिवस धरून १६ दिवस वाढले. मुदत गेली १६ एप्रिलवर. म्हणून मुरलेला कारकून नक्कल हातात पडताच आधी ती उलटी करतो आणि शिक्क्यातल्या तारखा वाचतो. निकालात काय लिहिलंय, ते नंतर!

आता ई-फायलिंग आलंय. टाचण्या आणि सुतळीच्या जागी स्कॅनर आणि पीडीएफ आले. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छपाई असा नियम केला. पानांवर अनुक्रमांक घालायचं काम तेवढं कारकुनाकडेच राहिलं. एक पान चुकलं तरी ऑफिस ऑब्जेक्शन निघतं, आणि ते दूर करायला खिडकीशी पुन्हा तोच उभा राहतो.