जपानी गाडी, गावठी सुटा भाग

अमरावतीहून परतवाड्याला यावे आणि तेथून घटांगच्या रस्त्याला लागावे, म्हणजे मैदान संपून सातपुडा सुरू होतो. या रस्त्यावर आजही कधीमधी मागून एक निराळा आवाज येतो. आताच्या फोर-स्ट्रोक गाड्यांच्या गर्दीत तो लगेच ओळखू येतो. कोरडा, टणक आणि चढ लागला की सुरात येणारा. मान वळवून पाहावे तर एखादा तरुण स्वतःहून वयाने मोठ्या असलेल्या यामाहा आर-एक्स १०० वर बसून घाट चढत असतो. टाकीवरचा रंग नवा, सीट नवी, आरसे नवे. गाडी मात्र त्याच्या वडिलांच्या किंवा काकांच्या लग्नाच्या वेळची.

जगाच्या दुसऱ्या टोकाला लोक जुन्या जपानी स्पोर्ट्स कार जीव लावून पुन्हा उभ्या करतात. डॅटसन, माझदा, टोयोटा अशी त्यांची दैवते आहेत. आपल्याकडे त्या काळात परदेशी मोटार म्हणजे सिनेनटाची किंवा संस्थानिकाची चैन. वऱ्हाडातल्या मध्यमवर्गाच्या वाट्याला जपानचा वेग आला तो दोन चाकांवरून. १९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने ‘राजदूत ३५०’ बाजारात आणली. ती मूळची यामाहाची आर-डी ३५०. तिचे इंजिन ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरांचे, गिअर सहा आणि पेट्रोलची भूक राक्षसी. १९८५ च्या अखेरीस आर-एक्स १०० आली. ९८ सीसी, चार गिअर, सुमारे अकरा अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलो. हलक्या अंगाला एवढी ताकद मिळाल्यावर काय होणार? ती गाडी पळत नसे, सुटत असे. १९९६ साली, धुराचे नियम कडक होऊ लागले तेव्हा, तिचे उत्पादन थांबले.

उत्पादन थांबले तरी गाड्या थांबल्या नाहीत. आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते. ज्या गाडीचा कारखाना बंद झाला, तिचा झिजलेला भाग आणायचा कुठून?

लेथवरचा संवाद

तालुक्याच्या कोणत्याही गावात या प्रश्नाचे उत्तर एका पत्र्याच्या शेडमध्ये मिळते. आत एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, कोपऱ्यात वेल्डिंगचे सामान आणि जमिनीवर लोखंडाचा चुरा. संवादही ठरलेला असतो.

“मिस्तरी, काई होते का याचं?”

“होते न भाऊ, काहून नाई होत? ठेवून जा.”

‘ठेवून जा’ या दोन शब्दांत एक अख्खी विद्या भरलेली आहे. मागच्या चाकाच्या फोर्कमधला बुश झिजला की गाडी वळणावर डुलते. मिस्तरी गनमेटलचा तुकडा लेथवर धरतो, बाहेरून उतरवतो, आतून बोअर मारतो आणि तासाभरात नवा बुश हातात देतो. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करून त्यात मोठा पिस्टन घालायचा. आर-एक्सच्या सिलिंडरचा मूळ व्यास ५० मिलिमीटर. पाव-पाव मिलिमीटरने वाढणारे पिस्टन मिळतात, म्हणून बाजारात पंचवीसची साइझ, पन्नासची साइझ अशी भाषा चालते. शंभरची साइझही संपली की बिडाची नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचे.

यात गंमत मापाची आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात जी फट ठेवायची ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या चार-पाच पट, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगते. फट कमी राहिली तर पिस्टन आत पकडतो आणि इंजिन जाम होते. जास्त राहिली तर ते खडखडते आणि ताकद गळते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आहे. तिथवरची चढण ही या केसभर फटीची परीक्षा असते. उतारावर परीक्षा आणखी अवघड होते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबर. पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असेल आणि घाट उतरताना स्वाराने ॲक्सिलरेटर पूर्ण मिटून गाडी गिअरवर सोडली, तर इंजिन जोरात फिरत राहते आणि तेल मात्र पोचत नाही. जाणते मिस्तरी म्हणूनच सांगतात, की उतारावर अधूनमधून मूठ थोडी उघडत जा.

परतवाडा हे लाकडाचे गाव. मेळघाटचे सागवान इथे उतरते, इथल्या डेपोत त्याचे लिलाव होतात, आरामशिनी चालतात. धातूच्या कामाशी या लाकडाचे नाते आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. एखादे झाकण किंवा ब्रॅकेट ओतून घ्यायचे असेल तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो ओल्या वाळूत दाबून साचा होतो आणि साच्यात वितळलेला धातू ओततात. धातू थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियम शंभर मिलिमीटरमागे साधारण सव्वा मिलिमीटर. तेव्हा नमुना तेवढा मोठा करावा लागतो. हे ज्याला कळते तो सुतार नुसता सुतार राहत नाही, त्याच्या हातातले सागवान इंजिनाचे बीज होते.

सजावट आणि सुधारणा

गाडी ‘बनवून घेणे’ याचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एकात वरच्यासारखे मोजमाप असते. दुसऱ्यात असतो केवळ आवाज. सायलेन्सर आतून फोडला, जाळी काढली, की गाडी कानठळ्या बसवते आणि मालकाला वाटते, ताकद वाढली. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात आणि त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. शांततेचा प्रश्न आहेच, पण यंत्राच्या दृष्टीनेही तो व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

टू-स्ट्रोकच्या सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण आत येते त्याच वेळी जळका वायू बाहेर जात असतो. दोन्ही दारे काही क्षण एकदम उघडी असतात, आणि थोडे ताजे मिश्रण न जळताच बाहेर पळते. या गाड्या धूर करतात आणि पेट्रोल पितात, त्याचे मोठे कारण हेच. मात्र सायलेन्सरचा आकार मोजून केला, आधी रुंदावत गेलेला आणि मग निमुळता, तर दाबाची लाट त्याच्या टोकावर आपटून परत येते आणि पळालेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीतील वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात हे शास्त्र शर्यतीच्या गाड्यांसाठी पक्के केले. म्हणजे सायलेन्सर हा इंजिनाचाच एक अवयव झाला. तो फोडणारा आपल्या गाडीची ताकद स्वतःच्या हाताने कमी करतो आणि गावाला मात्र दुप्पट ताकदीचा त्रास देतो.

सुधारणा करायची तर आधी मूळ कारागिराचा विचार समजून घ्यावा लागतो. जुनी वस्तू पुन्हा उभी करण्यातले शिक्षण हेच आहे. आणि याचा सर्वांत चांगला दाखला खुद्द यामाहाचा आहे.

पेटी दुरुस्त करणारा माणूस

१८८७ साली जपानमधल्या हमामात्सु गावच्या शाळेतला परदेशी ऑर्गन, आपल्या पायपेटीच्या कुळातला, बिघडला. गावात यंत्रांची दुरुस्ती करणारा एक माणूस होता, तोराकुसु यामाहा. त्याला बोलावले. त्याने पेटी उघडली, रचना ध्यानात घेतली, दुरुस्त केली आणि मग तशीच एक स्वतः बनवली. तेव्हा रेल्वे नव्हती. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने ती पेटी कावडीसारखी खांद्यावर घेऊन हाकोनेचा डोंगर ओलांडला आणि टोकियोच्या संगीत संस्थेत नेली. तिथल्या तज्ज्ञांनी ती पाहिली. बांधणी चांगली, पण सूर बरोबर नाहीत, असा निकाल मिळाला. यामाहा महिनाभर तिथेच राहून स्वरशास्त्र शिकला आणि परत येऊन त्याने दुसरी पेटी केली. ती पास झाली.

आर-एक्सच्या टाकीवर जे चिन्ह दिसते ते तीन ट्यूनिंग फोर्कचे आहे. वाद्य सुरात लावायची ती साधने. मोटारसायकलशी त्याचा काय संबंध, हा प्रश्न अनेकांना पडतो. संबंध हा असा आहे. या कंपनीने १९५५ साली काढलेली पहिली मोटारसायकलही एका जर्मन गाडीचा, डीकेडब्ल्यूचा, नमुना समोर ठेवून केलेली होती. आणि १९६७ मध्ये टोयोटाची ‘२००० जीटी’ ही जपानची पहिली नामांकित स्पोर्ट्स कार आली, तेव्हा ती जुळवली यामाहाने. तिच्या आतल्या लाकडी पट्टीचे काम यामाहाच्या वाद्य बनवणाऱ्या हातांनी केले होते. अशा गाड्या एकूण साडेतीनशेच्या आसपास झाल्या.

दुरुस्ती, मग नक्कल, मग मोजमाप आणि मग निर्मिती, असा हा जिना आहे. आपल्या शेडमधला मिस्तरी पहिल्या दोन पायऱ्या रोज चढतो. तिसरीवरही त्याचा पाय असतो. चौथीपाशी मात्र तो अडतो. का?

अडतो कुठे?

बुद्धी कमी पडते म्हणून, असे म्हणायला जागा नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकापासून ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचा ध्यास घेतला. त्यांनी नमुने तयार केले, सुधारले. गाडी रस्त्यावर धावली, कारखान्यापर्यंत मात्र पोचली नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून किकवर सुरू होणारी छोटी चारचाकी केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर दखल घेतली आणि पुढच्या महिन्यात तिच्या बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. कौतुक झाले. पण ती गाडी नियमांत बसणारी नाही, हेही तेव्हाच सांगितले गेले.

नियमांचा मुद्दा खोटा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. दुचाकीचे हे शुल्क एप्रिल २०२२ पासून तीनशेवरून एक हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी दोन हजार. ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंद २०२१ पासून मिळते, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची हवी आणि मूळ रूपात हवी. पहिली आर-एक्स पन्नाशी गाठणार २०३५ मध्ये. तोवर ती ना नवी, ना वारसा. निव्वळ जुनी.

रस्ता सगळ्यांचा आहे, तेव्हा कायदा हवाच. गावठी बुश चालेल, पण चाकाचा आस, हँडलची दांडी आणि ब्रेक यांत अंदाजाने केलेला भाग बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. आणि टू-स्ट्रोकचा धूर हा काही अत्तराचा फाया नव्हे. अशी गाडी रोजच्या कामाला न लावता जपून, नीट ट्यून करून चालवावी, हेच बरे. पण कायद्याच्या नजरेत मूळ मापाचा नेमका भाग घडवणारा आणि सायलेन्सर फोडणारा यांत फरक दिसायला हवा. पहिला गाडीला तिच्या मूळ रूपाकडे नेतो, दुसरा तिथून दूर.

जपानमध्ये हा फरक कंपन्यांनीच ओळखला. माझदाने पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी, निस्सानने जुन्या स्कायलाइन जीटी-आरसाठी २०१७ मध्ये बंद झालेले सुटे भाग पुन्हा काढायला सुरुवात केली. टोयोटाने २०२० मध्ये त्याच २००० जीटीच्या गिअरबॉक्सचे भाग नव्याने बनवायला घेतले, गाड्या मोजक्याच उरल्या असूनही. गाडी जपली की ती घडवण्याची विद्याही जपली जाते, हा त्यामागचा हिशेब आहे.

आपल्याकडे ही विद्या मिस्तरीच्या बोटांत आहे आणि तिथेच राहिली आहे. कोणत्या भागाला कोणता धातू, किती फट, किती ताण, हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नसते. त्याची मुले शिकून पुण्याला जातात. लेथ एक दिवस भंगाराच्या काट्यावर चढते आणि तिच्याबरोबर तीस वर्षांचे मोजमाप किलोच्या भावाने जाते. आयटीआयमध्ये टर्नर, फिटर, मशिनिस्ट हे अभ्यासक्रम आहेत. तिथल्या मुलांनी गावातल्या मिस्तरीच्या शेजारी बसून एकेका भागाचे रेखाचित्र काढले, माप आणि धातू लिहिला, तरी एक वही तयार होईल. मापाबरहुकूम भाग करणाऱ्याची तपासणी होऊन त्याला शिक्का मिळाला, तर त्याच्या कामाला ‘जुगाड’ म्हणून हसण्याचे कारण उरणार नाही.

तोराकुसुच्या पहिल्या पेटीचे सूर चुकले होते. टोकियोच्या मंडळींनी त्याला हसून परत पाठवले नाही. सूर कसे लावतात ते शिकवले. त्या एका महिन्याचे मोल आज आपल्या रस्त्यावरून धावते आहे. परतवाड्याच्या मिस्तरीलाही असा एक महिना कोणीतरी द्यायला हवा.