फोटोत मासा दिसला पाहिजे!



आपल्या ग्रुपवर रोज फोटो येतात. त्यातल्या अर्ध्यात माणूस झकास दिसतो, मासा दिसतच नाही. हौसेचा फोटो असला तर चालून जाते. पण तलावात मरतुक झाली, माशाच्या अंगावर चट्टे आले, किंवा नागपूरच्या व्यापाऱ्याला माल दाखवायचा आहे, तेव्हा तो फोटो म्हणजे आपला कागदच असतो. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे वर येऊन तोंड उघडतात ते पहाटेच. पंचनाम्याला कोणी येईपर्यंत ऊन चढते, मेलेला मासा फुगतो, रंग उडतो. पहाटे काय दिसत होते ते सांगायला मंग खिशातला मोबाईलच उरतो. महागाचा कॅमेरा लागत नाही भाऊ.

सगळ्यात आधी लेन्स पुसा. आपले हात कायम ओले, चिकट, खवल्यांचे. तोच हात मोबाईलला लागतो आणि फोटो धुक्यातल्यासारखा येतो. लोक म्हणतात मोबाईल जुना झाला. जुना नाही, मळला आहे. स्वच्छ सुती कापड वेगळं ठेवा, जाळं पुसलेला गमछा नको.

मंग उजेड. मासा चमकदार असतो, त्यामुळे फ्लॅश मारला की खवल्यांवर पांढरा डाग पडतो आणि नेमका चट्टा त्याच्याखाली दडतो. फ्लॅश बंदच ठेवा. भर दुपारच्या उन्हातही हेच होते, तेव्हा झाडाच्या सावलीत या. पण अर्धं ऊन अर्धी सावली नको, पूर्ण सावली पाहिजे. सकाळी सूर्य पाठीशी किंवा बाजूला घ्या, मात्र स्वतःची सावली माशावर पडू देऊ नका.

मासा कशावर ठेवता, यानेही फरक पडतो. मोबाईल पूर्ण चित्राचा उजेड मोजून सरासरी काढतो. पांढऱ्या थर्माकोलवर ठेवला तर मासा काळपट येतो, काळ्या ताडपत्रीवर ठेवला तर पांढराफटक. ओलं पोतं सगळ्यात बरं. तरीही उजेड जमला नाही तर स्क्रीनवर माशाच्या डोळ्यावर बोट टेका. फोकस तिथे बसतो, आणि बऱ्याच मोबाईलवर तेच बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो.

झूम करू नका. दोन बोटांनी ओढून मोठं केलं की बहुतेक मोबाईलवर फोटो नुसता फाटतो. दोन पावलं पुढे जा. फारच जवळ गेलात आणि अस्पष्ट दिसू लागलं तर वीतभर मागे या. अंगावरच्या उवा (आरगुलस) काढायच्या असतील तर कोपर गुडघ्यावर टेकवा, श्वास रोखा, आणि एक नाही, पाच-सहा फोटो काढा. एक तरी नीट येतो.

व्यापाऱ्याला पाठवायचा असेल तर नुसता क्रेट नको. एका रोहूचा कल्ला उघडून लाल रंग दाखवा, डोळा दाखवा, मग काट्यावरचं वजन. ताजा मासा ओळखणारा माणूस तेच पाहतो.

आता मापाचं. एकटा मासा फोटोत दोनशे ग्रॅमचा की दोन किलोचा, कोण सांगणार? शेजारी पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर दहाचं नाणं ठेवा, ते 27 मिलिमीटरचं असते. बोटुकली मोजताना तर हे लागतेच. मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर 1919 च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत गेले होते. त्यांच्या फोटोंत भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांभोवती गोल काढलेले दिसतात, आणि शेजारी माणसं. नुसती भिंत काढली असती तर खूण कोणती, केवढी, कुठे, काहीच कळलं नसतं. आपला विषय लहान आहे, पण रीत तीच.

म्हणून मरतुक झाली तर पहिला फोटो लांबून घ्या. पाळ, सांडवा, ओळखीचं झाड, सगळं यायला पाहिजे. दुसरा काठावरच्या मेलेल्या माशांचा, तिसरा एका माशाचा जवळून, पट्टीसकट. चौथा कल्ल्याचा. पाण्याचा रंगही घ्या, हिरवा की काळसर. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असू द्या आणि मोबाईलची तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघा.

इतकं करून तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की पाणी फिरलं. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करते, आणि आतली तारीख-ठिकाणाची माहितीही निघून जाते. पिनच्या चिन्हावर जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फोटो तसाच पोहोचतो. आणि मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नका, काम होईपर्यंत तरी.

हौसेच्या फोटोला मनाई नाही, बरं का. फेकजाळं हवेत गोल उघडते तो क्षण सूर्योदयाला उलट्या उजेडात काढून पाहा. जाळं काळ्या रेघांचं दिसते, पाण्याचे थेंब चमकतात. तिथे मात्र सूर्य समोर हवा, वर सांगितलं त्याच्या उलट. फेकणाऱ्याला आधी सांगून ठेवा आणि बटण दाबून धरा, म्हणजे बऱ्याच मोबाईलवर लागोपाठ फोटो निघतात.

पावसाळ्यात नदीत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत जाळं विणताना सरावाला वेळ मिळतो. प्रत्येकाने पट्टी ठेवून एका वस्तूचा फोटो ग्रुपवर टाकावा. जाळ्याचा आस काढला तरी चालेल, मात्र डॉक्युमेंट म्हणूनच.

— सचिव