चौखूर दौडीतला नेम

बंदुका हलक्या आणि भरवशाच्या झाल्या, तशी घोड्यावरून बाण मारणाऱ्या स्वाराची गरज संपली. हूण, मग्यार, मंगोल, तुर्क यांनी ज्या विद्येच्या जोरावर मुलूख जिंकले, ती विस्मरणात गेली. मंगोलियात नादामचा उत्सव टिकला, त्यातली तिरंदाजीही टिकली, पण तिरंदाज जमिनीवर उभे राहून बाण मारू लागले. जपानमध्ये याबुसामे ही घोड्यावरची तिरंदाजी उरली. ११८७ मध्ये मिनामोतो योरितोमोने कामाकुराच्या हाचिमान देवस्थानात ती करवली होती. पुढे मोडलेली ही परंपरा १८व्या शतकात शोगुन योशिमुनेने पुन्हा उभी केली, आणि आजही तिथे दर सप्टेंबरात स्वार भरधाव जाता जाता तीन लाकडी लक्ष्ये फोडतात. मात्र तो देवापुढचा विधी आहे. परक्या मुलखातल्या कोणीही यावे, शिकावे आणि हरावे-जिंकावे, असा खेळ त्यातून निघाला नाही.

तो निघाला हंगेरीतून. तो घडवणाऱ्या लायोश काश्शाई यांचा जन्म १९६० चा. गेझा गार्दोन्यी यांची अ‍ॅटिलाच्या हूणांवरची कादंबरी त्यांनी लहानपणी वाचली आणि ती डोक्यातून गेलीच नाही. १९८० च्या दशकात त्यांनी सराव मांडला तेव्हा विचारायला गुरू नव्हता. धनुष्याच्या बाबतीत थोडी वाट झाली होती. ग्युला फाबियान या अभ्यासकांनी जुन्या थडग्यांत सापडलेल्या हाडाच्या पट्ट्यांवरून मग्यार धनुष्याचा आकार पुन्हा जुळवला होता. पण धावत्या घोड्यावर ते ओढायचे कसे, हे कोणत्याच थडग्यात सापडणार नव्हते. कापोशमेरो गावाजवळच्या एका खोऱ्यात काश्शाई ते स्वतःच शोधत राहिले.

त्यांचे खरे मोठेपण मला त्यांनी या खेळाला घालून दिलेल्या नियमांत दिसते. धाव ९० मीटरची. मध्यावर, धावपट्टीच्या बाजूला लक्ष्य. पहिल्या टप्प्यात पुढे, दुसऱ्यात बाजूला, आणि लक्ष्य ओलांडल्यावर कमरेतून वळून मागे बाण मारायचा. वेळ १६ सेकंद. तेवढ्यात जमतील तितके बाण. वाचलेल्या सेकंदांचे गुण मिळतात, पण एकही बाण लागला नाही तर वेगाला किंमत नाही. या मोजमापामुळे पोशाखी हौस आणि विद्या वेगळी काढता आली. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट संपल्यावर हंगेरीत पूर्वजांच्या अभिमानाला भरती आली, त्या लाटेत हा खेळ नुसत्या मिरवणुकीत विरून गेला असता. घड्याळाने तो वाचवला, असे मी ठामपणे म्हणेन.

स्वाराकडे जवळून पाहिले तर अवघडपणा कळतो. लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडलेला. वळण आणि वेग मांडीच्या दाबावर आणि तोलावर. जास्तीचे बाण धनुष्याच्या मुठीतच धरलेले. नजर लक्ष्यावर, म्हणून बाणाची खाच दोरीत बसवायची ती केवळ बोटांच्या स्पर्शाने. घोड्याचे चारही खूर अधांतरी असतात त्या निमिषात बाण सोडायचा, अशी काश्शाईंची शिकवण आहे. घोटे, गुडघे आणि कंबर खालचे हेलकावे गिळतात, आणि खांदे स्थिर राहतात.

मग इतरांनीही आपापले जुने दप्तर उघडले. कोरियात सोक्चोला जागतिक मेळावे भरू लागले. मोगू हा तिथला प्रकार मला फार आवडतो: पुढचा स्वार मोठा चेंडू ओढत पळतो, मागचा शाई लावलेले बोथट बाण त्याच्यावर मारतो. तुर्कांनी उंच खांबावरच्या लक्ष्याचा काबाक परत आणला; तुर्की पारंपरिक तिरंदाजी २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. किर्गिझस्तानात २०१४ मध्ये सुरू झालेले जागतिक भटक्या जमातींचे खेळ २०२२ मध्ये तुर्कीतल्या इझ्निकला आणि २०२४ मध्ये कझाकस्तानात अस्तानाला झाले. या मेळ्यातही घोडेस्वार तिरंदाजांना जागा मिळाली. बऱ्याच स्पर्धांत बायका आणि पुरुष एकाच पट्टीवर उतरतात, आणि ते योग्यच आहे. घोड्याला स्वार कोण याच्याशी देणेघेणे नसते.

परदेशी स्पर्धकाला बहुतेकदा यजमानांचाच घोडा मिळतो. त्याची चाल, त्याचे बुजणे, कोणत्या बाजूला तो ओढ घेतो हे सगळे थोडक्या सरावात ओळखायचे, आणि मग हात सोडून त्याच्या पाठीवर विसंबायचे. घरच्या घोड्यावर वर्षानुवर्षे घोटलेला नेम तिथे पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागतो.