मोफत एआय व्हिडिओ : आधी पारखा, मग वापरा

गिऱ्हाईक आता दुकानाची पायरी चढण्याआधी मोबाईलवर माल पाहते. साडी असो, चप्पल असो, अत्तर असो की फर्निचर, ‘व्हिडिओ पाठवा’ ही मागणी रोजची झाली आहे. मोठ्या दुकानदाराकडे कॅमेरामन असतो, जाहिरात संस्था असते. मालेगावचा यंत्रमागधारक, मिरजेचा सतारमेकर किंवा छत्रपती संभाजीनगरचा हिमरू विणकर यांना तो खर्च झेपत नाही. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजेच एआयच्या साह्याने फुकटात व्हिडिओ बनवून देणाऱ्या साधनांकडे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचे लक्ष जाणे साहजिक आहे. ही साधने उपयोगी आहेत यात शंका नाही. मात्र ती काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे समजून न घेता वापरली तर वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास गमावण्याची वेळ येते. म्हणून ही माहिती.

हे यंत्र चित्र कसे बनवते?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीने ‘सोरा’ची चित्रफीत जगाला दाखवली आणि या विषयाचा बोलबाला सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये चीनच्या क्वायशो कंपनीचे ‘क्लिंग’ आणि अमेरिकेच्या लुमा कंपनीचे ‘ड्रीम मशीन’ आले. मे २०२५ मध्ये गुगलने ‘व्हिओ ३’ आणले. त्यात ८ सेकंदांच्या चित्रासोबत आवाजही तयार होऊ लागला.

कंपन्या निराळ्या असल्या तरी मूळ पद्धत बहुतेकांची एकच आहे. वर्णनासह जमवलेली असंख्य चित्रे आणि व्हिडिओ दाखवून यंत्राला आधी शिकवलेले असते. आपण सूचना लिहिली की ते टीव्हीवर चॅनेल नसताना दिसणाऱ्या मुंग्यांसारख्या चित्रापासून सुरुवात करते आणि त्या मुंग्या टप्प्याटप्प्याने साफ करीत सूचनेशी जुळणारे दृश्य उभे करते. सेकंदाला २४ चित्रे धरली तर ५ सेकंदांच्या व्हिडिओत १२० चित्रे होतात, आणि ती सर्व एकमेकांशी जुळवावी लागतात.

यातली मुख्य गोष्ट कारागिरांनी ध्यानात घ्यावी. यंत्राला वस्तू ठाऊक नसते, वस्तूचे दिसणे तेवढे ठाऊक असते. सतारीला किती पडदे आहेत, हे ते मोजत नाही. सतारीच्या चित्रात साधारण काय दिसते, त्याचा अंदाज बांधून ते चित्र काढते. दुरून पाहणाऱ्याला ते खरे वाटते. जाणकार गिऱ्हाईक मात्र लगेच ओळखते, आणि चार पैसे जास्त मोजणारे गिऱ्हाईक बहुधा जाणकारच असते.

‘मोफत’ म्हणजे किती मोफत?

ही साधने दोन प्रकारांनी फुकट मिळतात.

पहिला प्रकार संकेतस्थळांचा व ॲपचा. खाते उघडले की काही क्रेडिट मिळतात. काही ठिकाणी ती एकदाच मिळतात, तर काही ठिकाणी ठराविक मुदतीने पुन्हा भरतात. प्रत्येक व्हिडिओमागे क्रेडिट खर्च होतात, आणि व्हिडिओ बिघडला तरी ती परत मिळतीलच असे नाही. ३० सेकंदांच्या जाहिरातीला ५ सेकंदांचे ६ तुकडे लागतात. प्रत्येक तुकडा मनासारखा होण्यास ३-४ प्रयत्न धरले तरी २० च्या आसपास प्रयत्न होतात. एवढे क्रेडिट फुकटात मिळणे कठीण, म्हणून अर्धी जाहिरात झाल्यावर पैसे भरण्याची पाळी येते.

मोफत योजनेच्या अटी त्याहून महत्त्वाच्या आहेत. अटींच्या पानावर तीन गोष्टी शोधून वाचाव्यात. एक, व्हिडिओवर कंपनीचा वॉटरमार्क राहतो का? दोन, फुकट बनवलेला व्हिडिओ व्यापारासाठी वापरता येतो का? अनेक सेवा मोफत खातेदाराला तशी परवानगी देत नाहीत. तीन, आपण दिलेला फोटो आणि तयार झालेला व्हिडिओ इतरांना दिसतो का, किंवा यंत्राला शिकवण्यासाठी वापरला जातो का?

तिसरा प्रश्न नवे नमुने काढणाऱ्या कारागिरासाठी फार मोलाचा आहे. डिझाइन कायदा, २००० नुसार नोंदणीआधीच प्रसिद्ध झालेल्या डिझाइनची नोंदणी होत नाही. ज्या नमुन्याची नोंदणी करायची आहे, त्याचा फोटो अशा ठिकाणी चढवूच नये.

दुसरा प्रकार म्हणजे स्वतःच्या संगणकावर चालणारे खुले मॉडेल. चीनच्या अलिबाबा कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘वॅन २.१’ हे मॉडेल अपाचे २.० या खुल्या परवान्याखाली दिले. त्याचा व्यापारी वापरही करता येतो, आणि आपला फोटो आपल्याच संगणकावर राहतो. त्याच्या लहान आवृत्तीला ८.१९ जीबी ग्राफिक्स मेमरी लागते. निर्मात्यांच्याच माहितीनुसार आरटीएक्स ४०९० या महागड्या कार्डावर ४८० पी दर्जाचा ५ सेकंदांचा व्हिडिओ बनण्यास सुमारे ४ मिनिटे लागतात. साध्या कार्डावर वेळ वाढतो. म्हणजे मॉडेल फुकट असले तरी यंत्र फुकट नाही. घरात किंवा मोहल्ल्यात असा संगणक बाळगणारा तरुण असेल तर त्याची मदत घ्यावी. केवळ जाहिरातीसाठी नवे कार्ड विकत घेणे लहान धंद्याला परवडणारे नाही.

चाचणी कशी घ्यावी?

व्हिडिओ दोन रीतींनी बनतो. एकीत आपण नुसते वर्णन लिहितो, दुसरीत फोटो देऊन तो हलवायला सांगतो. आपला माल दाखवायचा असेल तर पहिली रीत कामाची नाही. वर्णनावरून बनलेली शाल ही कोणाचीच शाल नसते. म्हणून नेहमी आपल्या मालाच्या फोटोवरून चाचणी घ्यावी.

१) फोटो दिवसा, खिडकीच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर काढावा. फोटो धूसर असेल तर यंत्र मोकळ्या जागा अंदाजाने भरते.

२) सूचना लहान व स्पष्ट असावी. उदाहरणार्थ : ‘शाल लाकडी टेबलावर ठेवलेली आहे. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश सरकतो. शाल हलत नाही. खिडकीतून सकाळचे ऊन येते. दृश्यात माणूस नाही.’ मराठी सूचना नीट समजत नसेल तर हीच इंग्रजीत करून द्यावी.

३) कॅमेरा हलवावा, माल हलवू नये. फोटोत मालाची एकच बाजू असते. माल फिरवायला सांगितला की मागची बाजू यंत्र मनाने रचते. हिमरूच्या उलट्या बाजूला जादा धाग्यांचे सुटे पदर असतात, तीच त्याच्या विणीची खूण आहे. यंत्राने तेथे सफाईदार कापड दाखवले, तर जाणकाराला ती छापील नक्कल वाटेल.

४) एकच फोटो आणि एकच सूचना दोन-तीन सेवांना देऊन पाहावी. फोटो निरनिराळे असतील तर तुलना होत नाही.

५) तयार व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थांबवून मूळ फोटोशेजारी धरावा. रंग, काठ, बुट्ट्यांची संख्या, टाके, मापे मोजून पाहावीत. चालत्या व्हिडिओत चूक डोळ्यांना दिसत नाही, थांबवल्यावर दिसते.

चुका कोठे होतात?

जेथे काम बारीक आणि ठराविक मोजमापाचे असते, तेथे यंत्र चुकते. आपल्या बहुतेक हस्तकलांचे मर्म नेमके तेथेच असते.

मिरजेच्या सतारीचे उदाहरण घ्या. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून तेथे ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भोपळा, दांडी, घोडी, पडदे, वरच्या तारा आणि खालच्या तरफा यांचे गणित ठरलेले असते. अशा वाद्याच्या व्हिडिओत दोन तारा मध्येच एक होणे, खुंट्या कमीजास्त होणे, वाजवणाऱ्याचे बोट तारेतून आरपार जाणे असे प्रकार घडतात. विणकामात बुट्टी सरकते, आणि काठाची वेल मध्येच वळण बदलते. हस्तकौशल्य दाखवणारे हात तर यंत्राला विशेष अवघड जातात, कारण बोटे, सुई आणि धागा एकाच वेळी हलतात.

अक्षरांचीही तीच गत. देवनागरी किंवा उर्दू पाटी पुष्कळदा अर्थहीन आकारांची होते. म्हणून दुकानाचे नाव, पत्ता, भाव हे व्हिडिओ तयार झाल्यावर फोनमधील साध्या संपादन ॲपने वर टाकावे. आवाजही आपलाच द्यावा. आपल्या गावच्या बोलीत दुकानदार स्वतः बोलला तर गिऱ्हाईकाला ओळखीचे वाटते.

विश्वास आणि कायदा

वर कोरडे आणि खाली ओले धान्य ठेवून विकणाऱ्याला पैगंबर (स.) यांनी बाजारात टोकल्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. यंत्राने मालाला आणलेली जादा चकाकी हे आजचे वरचे कोरडे धान्य आहे. पार्सल उघडल्यावर रंग फिका निघाला, तर ‘तो व्हिडिओ एआयचा होता’ ही सबब गिऱ्हाईकापुढे चालत नाही.

कायद्यापुढेही चालत नाही. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याची जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे. जाहिरातीप्रमाणे माल नसेल तर तो परत घेण्यास नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती होऊन खऱ्यासारख्या भासणाऱ्या कृत्रिम चित्रफितींवर तसे लेबल लावण्याचे बंधन आले. तेव्हा ‘पार्श्वभूमी एआयने बनवली आहे’ अशी ओळ व्हिडिओवर आपणहून लिहावी. खरेपणाने लिहिलेल्या ओळीने गिऱ्हाईक तुटत नाही.

नामवंतांचा चेहरा किंवा आवाज तर अजिबात वापरू नये. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मनाई केली. गंमत म्हणून केलेली नक्कलसुद्धा दुकानाला नोटीस आणू शकते.

फसव्या संकेतस्थळांपासून सावध

‘फुकट एआय व्हिडिओ’ या शब्दांचा उपयोग चोरही करतात. मे २०२५ मध्ये मॉर्फिसेक या सायबर सुरक्षा कंपनीने असा एक प्रकार उघड केला. फेसबुकवर जाहिरात करून लोकांना बनावट एआय व्हिडिओ संकेतस्थळावर नेले जाई. लोक फोटो चढवत आणि ‘तुमचा व्हिडिओ तयार आहे’ म्हणून एक फाइल उतरवून घेत. ती फाइल उघडली की संगणकातील पासवर्ड व इतर माहिती चोरणारा प्रोग्रॅम चालू होई. व्हिडिओच्या फाइलचे नाव ‘एमपी४’ने संपते. शेवटी ‘ईएक्सई’ दिसले किंवा झिप फाइल मिळाली तर ती उघडू नये. ज्या संगणकावर बँकेचे व जीएसटीचे काम चालते, त्यावर असे प्रयोग करूच नयेत. खात्यासाठी ई-मेल पत्ताही वेगळा ठेवावा.

मग वापर कसा करावा?

सोपी वाटणी अशी : माल कॅमेऱ्याने दाखवावा, सभोवतालचे दृश्य यंत्राकडून करून घ्यावे. सुरुवातीला ५ सेकंद सकाळचे ऊन, बाजाराची गल्ली, अत्तराच्या दुकानापुढचा गुलाबांचा ढीग असे एआयचे दृश्य चालेल. त्यानंतरची २० सेकंदे आपल्या फोनवर टिपलेला खरा माल असावा : जवळून विण, उलटी बाजू, हातात धरून दाखवलेले माप आणि कारागिराचे काम करणारे हात. शेवटी नाव, पत्ता व भाव. या रीतीने फुकटच्या क्रेडिटमध्येही बहुधा काम भागते, कारण एआयचा एकच तुकडा लागतो. वॉटरमार्क आणि व्यापारी परवान्याची अट मात्र त्या एका तुकड्यालाही लागू आहे, हे विसरू नये.

धंद्याला याचा फायदा झाला का, तेही पाहावे. दोन आठवडे नुसता फोनवर काढलेला व्हिडिओ आणि पुढचे दोन आठवडे एआयचा तुकडा जोडलेला व्हिडिओ पाठवावा. किती जणांनी विचारले, किती जणांनी घेतले आणि किती माल परत आला, याची वहीत नोंद ठेवावी. पाहणारे वाढले आणि परत येणारा मालही वाढला, तर तो व्हिडिओ तोट्याचा समजावा. घरातील शिकलेल्या मुलामुलींना या कामात जरूर घ्यावे. यंत्र चालवणे त्यांना लवकर जमेल, पण चित्रातली शाल आपल्या मागावरची आहे की नाही, हे सांगणे कारागिराचेच काम आहे. त्याने पाहून होकार दिल्याशिवाय कोणताही व्हिडिओ बाहेर पाठवू नये.