दहावीनंतर पोराच्या हाताला काय? साताऱ्याच्या एका शाळेचा धडा



गळीत हंगाम संपतो, उसाची बिले हातात पडू लागतात आणि मागोमाग दहावीचा निकाल येतो. मग घरोघरी एकच विषय निघतो. पोराला कुठे घालायचे? शेजाऱ्याचा मुलगा सायन्सला गेला म्हणून आपलाही सायन्सला, नाही जमले तर आर्ट्सला, अशा रीतीने निम्मे निर्णय होतात. पुढे पाच वर्षांनी तोच मुलगा पदवीचा कागद घेऊन कारखान्याच्या गेटवर उभा राहतो आणि आमच्याकडे, म्हणजे कार्यालयाकडे, चिठ्ठी मागतो. अशा वेळी आम्हालाही वाईट वाटते. म्हणून या अंकात उसाच्या जाती आणि खताच्या मात्रा जरा बाजूला ठेवून शाळेविषयी चार गोष्टी सांगायच्या ठरवल्या आहेत.

हिशेब साधा आहे. समजा आजोबांची बारा एकर बागाईत होती. तीन मुलांत वाटणी झाली, प्रत्येकाला चार एकर आली. त्यातल्या एकाला दोन मुले झाली, म्हणजे नातवाच्या वाट्याला दोन एकर. उसाचा दर कितीही वाढला तरी दोन एकरांत दोन संसार बसत नाहीत. वाटणीने जमीन कमी होते. हातातले कसब मात्र वाटले जात नाही, ज्याचे त्याच्यापाशी राहते. हे ज्याने फार पूर्वी ओळखले, त्या माणसाची आणि त्याच्या शाळेची गोष्ट आधी बघू.

नांगर विकणारा माणूस

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज येथे झाला. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण फार पुढे गेले नाही. पुढे त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम केले. नांगराच्या निमित्ताने गावोगाव फिरताना रयतेची परिस्थिती त्यांनी जवळून पाहिली. शेतकऱ्याला नवे अवजार पटवून द्यायचे तर आधी त्याच्या मुलाला अक्षर आले पाहिजे, ही गाठ त्यांच्या मनाशी पक्की बसली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसत. दळण, पाणी, स्वयंपाक, झाडलोट ही कामे मुलेच करीत. बोर्डिंग चालवताना पैसा कमी पडला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट सातारा जिल्ह्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांना आजही ठाऊक आहे.

फी नको, घाम द्या

बोर्डिंगमधली मुले मोठी झाली तसा हायस्कूलचा प्रश्न आला. गावातल्या हायस्कुलात फी भरावी लागे, ती कोण भरणार? यावर उपाय म्हणून १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. शिक्षण मोफत, राहणे शाळेतच, आणि त्या बदल्यात मुलाने अंगमेहनत करायची. ‘कमवा आणि शिका’ हा शब्दप्रयोग आज सगळ्यांच्या तोंडी आहे. हायस्कूलच्या पातळीवर ती पद्धत पक्की रुजली ती इथे.

शाळेला सयाजीरावांचे नाव का दिले, हेही समजून घेण्यासारखे आहे. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिककडच्या कवळाणे गावचे, शेतकरी घरातले. बडोद्याच्या गादीवर बसल्यावर त्यांनी १८९० साली ‘कलाभवन’ काढले आणि तिथे कारागिरी व तंत्राचे शिक्षण सुरू केले. १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. अक्षर आणि कसब या दोन्ही गोष्टी एकाच राजाने रयतेला दिल्या. त्यामुळे मोफत आणि कष्टाच्या शाळेला हे नाव शोभलेच.

या शाळेतल्या कष्टामागे दोन हेतू होते. पहिला हेतू सरळ व्यवहाराचा, म्हणजे मुलाच्या श्रमातून त्याच्या जेवणाखाण्याचा काही भार उचलला जावा. दुसरा हेतू अधिक खोल होता. शिकलेल्या पोराला शेतातल्या कामाची लाज वाटू नये, कुदळ धरणारा हात आणि लेखणी धरणारा हात एकच असावा. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे वाक्य याच अर्थाचे आहे. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. घाम गाळल्याने अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांना एवढे उदाहरण पुरे आहे.

गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला. खेडोपाडी ‘महात्मा गांधी विद्यालय’ ही पाटी दिसते, तिच्या मागे हा संकल्प आहे. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले. त्यांनी लावलेली पद्धत मात्र मागे राहिली. पुणे आणि शिवाजी विद्यापीठांत आजही ‘कमवा आणि शिका’ योजना चालते.

पुढे काय झाले?

कर्मवीरांच्या शाळेत कष्ट होते, पण एखाद्या धंद्याचे पद्धतशीर शिक्षण ही वेगळी बाब आहे. ती सरकारी धोरणात हळूहळू आली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड द्या, असे सांगितले. महाराष्ट्रात जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी अधिक बारावी हा आकृतिबंध आला आणि नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा १९७५ साली झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर केंद्राने १९८८ पासून बारावीच्या पातळीवरील व्यवसाय शिक्षणाला अर्थसाहाय्य सुरू केले. त्यातून आपल्याकडे ‘किमान कौशल्यावर आधारित’ अभ्यासक्रम गावोगावच्या ज्युनियर कॉलेजांत पोचले. लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एमसीव्हीसी’ म्हणत. पुढे २०१३ साली देशभरासाठी कौशल्य पात्रतेचा एक आराखडा आला आणि या अभ्यासक्रमांची त्याच्याशी सांगड घालण्यात आली. २०२० च्या नव्या धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांनीसुद्धा दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे, असे म्हटले आहे. कर्मवीरांना हे ऐकून नवल वाटले नसते.

आज कोणत्या वाटा आहेत?

आता मुद्द्याचे. आपल्या मुलामुलींसाठी कोणत्या वाटा आहेत ते एकेक करून बघू.

एक, तांत्रिक विषय. काही हायस्कुलांत दहावीपर्यंतच तांत्रिक विषय घेता येतो. मुलाला ड्रॉइंग आणि वर्कशॉपची तोंडओळख होते. पुढे डिप्लोमाला जायचे असेल तर हा पाया कामी येतो.

दोन, द्विलक्षी अभ्यासक्रम, म्हणजे बायफोकल. यात अकरावी-बारावीला नेहमीचे विषय राहतात, फक्त दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा एक व्यवसाय विषय घेता येतो. विद्युत देखभाल, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र, दुग्धशास्त्र असे विषय त्यात आहेत. मुलाला पदवीची वाट मोकळी राहते आणि हातालाही काही लागते.

तीन, बारावी व्यवसाय शाखा. यात भर मुख्यतः व्यवसायावर असतो. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, गृहशास्त्र, आरोग्य व वैद्यकीय सेवा आणि मत्स्य असे त्याचे गट पाडले गेले. प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण हा याचा प्राण आहे. याच शाखेच्या मुलांसाठी १९८६ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा दुरुस्त करून त्यांना त्यात जागा दिली गेली.

चार, आयटीआय. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे दहावीनंतरचे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर एका वर्षाचा आणि आठवी पास मुलालाही घेता येतो. वायरमनलाही आठवी चालते. दहावीला गणितात आपटलेल्या पोराला ‘आता काय, गुरे राख’ म्हणण्याआधी हे लक्षात घ्या.

पाच, डिप्लोमा. दहावीनंतर तीन वर्षांचा. पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. बारावी व्यवसाय किंवा तांत्रिक विषय घेऊन, अथवा दोन वर्षांचा आयटीआय करून आलेल्या मुलाला थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. म्हणजे आयटीआय केली की शिक्षण संपले, ही समजूत खरी नाही. पात्रतेच्या अटी त्या त्या वर्षी तंत्रनिकेतनात विचारून घ्याव्यात.

कारखान्याच्या नजरेतून

आपल्या कारखान्यात कोणाची गरज पडते ते बघा. मिल हाऊसला फिटर आणि वेल्डर, वीजनिर्मितीकडे इलेक्ट्रिशियन, प्रयोगशाळेत केमिस्ट, पॅनवर पॅनमन, शेतकी खात्यात ॲग्री ओव्हरसियर. बॉयलरवर उभे राहायचे तर शासकीय परीक्षेचा दाखला लागतो, तिथे चिठ्ठी चालत नाही. साखर तंत्राचे पुढचे शिक्षण घ्यायचे असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ साली ऊस उत्पादकांच्या सहकारी कारखान्यांनीच ती उभी केली. आपलीच संस्था आहे, पण तिथे किती सभासदांची मुले जातात?

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. आजच्या नियमाप्रमाणे ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्यांना दरमहा विद्यावेतन मिळते. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण गैरसमज नको. उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. मुदत संपली की कायम करण्याचे बंधन मालकावर नसते. मिळतो तो अनुभव आणि दाखला. त्याच्या बळावर मुलगा दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकतो, किंवा गावात मोटार रिवाइंडिंगचे दुकान टाकू शकतो. वाडीवस्तीवर पंप जळला की आठ आठ दिवस पाणी बंद पडते आणि ऊस वाळतो, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

प्रवेश घेण्याआधी चार प्रश्न

नावापुरते अभ्यासक्रम कुठेकुठे असतात, हे खरे आहे. यंत्रे गंजलेली, निदेशकाची जागा रिकामी, आणि मुलगा दोन वर्षांनी वही भरून घरी. म्हणून बैल घेताना जसे दात बघता, तशी शाळा बघा. वर्कशॉप उघडून दाखवा म्हणावे. त्या विषयाचा निदेशक कायम आहे का ते विचारा. प्रात्यक्षिकाला मुले कुठे पाठवता ते विचारा. आणि मागच्या तुकडीतली दोन मुले गाठून ती आज काय करतात ते त्यांच्याच तोंडून ऐका. या चारांची उत्तरे नीट मिळाली तरच फी भरा.

आणि हे सर्व मुलींनाही तितकेच लागू आहे. आपल्या भागात मुलगी बारावी झाली की स्थळे बघायला सुरुवात होते. प्रयोगशाळेचे काम, इलेक्ट्रॉनिक्स, हिशेब, आरोग्यसेवा, दुग्धव्यवसाय यांपैकी एक कसब हातात असलेली मुलगी सासरी गेली तरी ते कसब तिच्याबरोबर जाते. ते वाटणीत जात नाही आणि हुंड्यातही मोजले जात नाही. बोर्डिंगसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले, त्यांच्या मुलखात मुलीला कसबाविना ठेवणे शोभत नाही.

आपले काम

सहकारी साखर कारखान्यांनी या राज्यात शाळा-कॉलेजांना मोठा हात दिला आहे. कित्येक ठिकाणी उसाच्या बिलातून टनामागे थोडी कपात झाली आणि इमारती उभ्या राहिल्या. तो पैसा शेतकऱ्याचा होता. तेव्हा त्या इमारतीत काय शिकवले जाते, हे विचारण्याचा हक्कही शेतकऱ्याचाच आहे. वार्षिक सभेत दरावर बोलणारे आपण सगळेच असतो, आणि बोललेच पाहिजे. पण आपल्या परिसरातील हायस्कुलात व्यवसाय विषय आहे का, वर्कशॉप चालू आहे का, कारखान्यात किती शिकाऊ उमेदवार घेतले आणि त्यांत सभासदांची, ऊसतोड मजुरांची मुले किती, हे प्रश्नही त्याच सभेत यायला हवेत. प्रश्न आले तर उत्तर द्यावे लागेल. आम्हालाही, संचालक मंडळालाही.

लागणीच्या वेळी आपण बेणे निवडून घेतो, डोळा बघतो, किडका कांडा बाजूला टाकतो, कारण पुढचे सगळे पीक त्यावर अवलंबून असते. मुलाच्या दहावीनंतरचा महिनाही असाच लागणीचा असतो. त्या महिन्यात घाई करू नका, आणि शेजाऱ्याकडे बघून ठरवू नका. पोराला समोर बसवून त्याला काय जमते ते विचारा. मग एक दिवस काम बुडवा आणि शाळा बघून या.