मोजणीची गाणी : हातात वस्तू का हवी?

आज आपण तीन ते सहा वर्षांच्या मुलांविषयी बोलणार आहोत. विषय तसा छोटासा आहे. मोजणीची बडबडगीतं म्हणताना हातात काय घ्यायचं आणि ते कसं वापरायचं?

एका नेहमीच्या प्रसंगापासून सुरुवात करू. घरी पाहुणे आले की आपण मुलाला पुढे करतो. "काकांना अंक म्हणून दाखव बरं!" मूल एका दमात एक ते दहा म्हणतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. आता त्याच मुलासमोर लिंबांची टोपली ठेवा आणि म्हणा, "मला तीन लिंबं दे." बरीच मुलं ओंजळभर लिंबं आणून देतात. तीनही नाहीत आणि चारही नाहीत, हातात मावतील तेवढी.

मूल ढ आहे का? मुळीच नाही. एक ते दहा हे त्याच्यासाठी एक गाणं होतं आणि ते त्याला पाठ होतं. 'तीन' म्हणजे किती, हे अजून उमगायचं होतं. या दोन गोष्टींमधलं अंतर कापायला मुलांना बरेच महिने लागतात, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. अडचण वेगळीच आहे. पाठांतर इतकं छान असतं की हे अंतर मोठ्यांना दिसतच नाही. मग पहिलीत बेरीज सुरू होते आणि मूल अडखळतं. आपण म्हणतो, "याला गणित जमत नाही." खरं तर गणित अजून त्याच्या हातापर्यंत पोचलेलंच नसतं.

१९७८ साली रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या मोजणीवर एक पुस्तक लिहिलं. मोजणीमागची पाच तत्त्वं त्यांनी मांडली. त्यातली तीन आपल्या कामाची आहेत. पहिलं, अंकांचा क्रम ठरलेला असतो. दुसरं, एका वस्तूला एकच अंक. वस्तू सुटायची नाही आणि दोनदा मोजायचीही नाही. तिसरं, शेवटी उच्चारलेला अंक हा सगळ्यांचा मिळून अंक असतो. म्हणजे 'पाच' हे पाचव्या लिंबाचं नाव नव्हे, ती सगळ्या लिंबांची संख्या आहे.

आता बघा, गाणं यातलं काय शिकवतं? फक्त पहिलं. क्रम. उरलेल्या दोन गोष्टी शिकायला डोळ्यांसमोर आणि हातात काहीतरी लागतं. म्हणून गाण्यातली वस्तू ही शोभेची नाही. निम्म्याहून जास्त काम तीच करते.

एक उदाहरण करून पाहू. आम्ही वर्गात वापरतो ते जुळवलेलं गाणं असं आहे :

टोपलीत भाकऱ्या पाच,
उंदराने केला नाच,
एक नेली पळवून,
किती उरल्या? सांगा मोजून!

पुढे 'चार'ला 'उंदराला भूक फार', 'तीन'ला 'उंदीर वाजवी बीन', असं आपणच जुळवत जायचं. साहित्य काय लागतं? पुठ्ठ्याचे तळहाताएवढे पाच गोल, सगळे एकाच रंगाचे. एक पसरट टोपली. आणि जुन्या पायमोज्याचा उंदीर, हातात घालायचा. झालं.

गाणं लगेच सुरू करायचं नाही. आधी रिकामी टोपली दाखवायची. मग एकेक भाकरी आत ठेवायची आणि भाकरी टोपलीला टेकते त्याच क्षणी अंक म्हणायचा. हात आणि तोंड बरोबर चालले पाहिजेत. म्हणूनच सुरुवात पाचने करावी. एक, दोन, तीन, चार, पाच या सगळ्यांचा उच्चार एका ठोक्याचा आहे. सहा, नऊ, दहा यांचे दोन ठोके पडतात. मग एखादं मूल 'स' म्हणताना एका वस्तूवर बोट ठेवतं आणि 'हा' म्हणताना दुसऱ्या. पाच पक्के झाल्यावर तिकडे वळू.

पाचवी ठेवल्यावर थांबायचं. सगळ्या टोपलीभोवती हात फिरवायचा आणि विचारायचं, "किती भाकऱ्या?" हा फिरवलेला हात महत्त्वाचा. 'पाच' म्हणजे या सगळ्या, हे तो शब्दाविना सांगतो.

मग उंदीर येतो. त्याने पळवलेली भाकरी पाठीमागे लपवू नका. समोरच बीळ करा, एखादं खोकं चालेल, आणि ती तिथे दिसेल अशी ठेवा. टोपलीत चार, बिळात एक. वजाबाकी हा शब्द न उच्चारता मुलं वजाबाकी पाहत असतात. "किती उरल्या?" विचारल्यावर गप्प राहायचं. हे आपल्याला फार जड जातं! पण मुलाला बोट लावून मोजू द्या.

शेवटची भाकरी गेली की टोपली उलटी करून दाखवा. "आता किती?" कोणी म्हणेल "संपल्या", कोणी "काहीच नाही". तिथे शून्य हा शब्द द्या. रिकाम्या टोपलीइतकं स्पष्ट शून्य फळ्यावर काढता येत नाही.

आता यातली मुख्य युक्ती. चार-पाच दिवसांत मुलांना गाणं पाठ होतं. मग ती न पाहताच "चार!" ओरडतात, कारण पुढची ओळ त्यांना माहीत असते. म्हणजे आपण पुन्हा पाठांतराशी आलो. अशा वेळी गाणं मुद्दाम मोडायचं. उंदराला दोन भाकऱ्या पळवू द्या. किंवा त्याला दया येऊ द्या आणि एक परत ठेवू द्या. कोण टोपलीत डोकावतं आणि कोण जुनंच उत्तर देतं, ते पाहा. कोणाला किती कळलंय, हे तिथे परीक्षेशिवाय कळतं.

साहित्य महाग असावं लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला जे काम उभं केलं, त्यात शंखशिंपले, बिया, खडे असं परिसरातलंच साहित्य होतं. उलट फार सुंदर खेळणं कधी कधी आड येतं. मूल त्या खेळण्याशी खेळतं, मोजणी बाजूला राहते. मोबाइलवरच्या गाण्याची अडचण आणखी वेगळी. तिथल्या चित्राला बोट लावून सरकवता येत नाही आणि ते मुलासाठी थांबतही नाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. तीन वर्षांच्या आतबाहेरची मुलं वस्तू तोंडात घालतात. चिंचोके, मणी, शेंगदाणे घशात किंवा नाकात अडकू शकतात. गुंजा दिसायला मोहक, पण विषारी आहेत. त्या वापरूच नका. मुलाच्या मुठीत पूर्ण मावणार नाही एवढी वस्तू घ्यावी. बिया वापरायच्याच असतील तर मोठ्या मुलांबरोबर आणि समोर बसून.

वर्गात पंचवीस-तीस मुलं असली तर? पाच मुलांनाच भाकऱ्या करा. ती गोल रिंगणात बसतील, उंदीर झालेलं मूल एकेकाचा हात धरून नेईल, बाकीची मोजतील. दुसऱ्या दिवशी नवी पाच. मोजायची पाळी प्रत्येकाला कधी ना कधी आली पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

शेवटी श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न. "मूल चुकलं तर लगेच दुरुस्त करायचं का?" आम्ही "चूक" म्हणत नाही. "चल, परत एकदा ठेवून बघू" असं म्हणतो आणि भाकऱ्या एका ओळीत मांडतो. टोपलीत एकावर एक पडलेल्या भाकऱ्या दोनदा मोजल्या जातात, ओळीत सहसा जात नाहीत. पुष्कळदा चूक मुलाची नसतेच, आपल्या मांडणीची असते.

तेव्हा आज घरी गेल्यावर अंक म्हणून घेऊ नका. जेवायला बसताना म्हणा, "ताटात दोन पोळ्या वाढ बरं." मूल किती आणतं ते पाहा, आणि गाणं तिथून सुरू करा.